छोटीचं वजन

परदेशात आजारी अनाथ मुलांचं घर चालवणाऱ्या एका बाईंना सगळे मावशीच म्हणत. सध्या त्यांच्या जिवाला घोर होता तो दुभंगलेल्या ओठाच्या छोटीचा. वजन भरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नव्हते, आणि पोर दिवसभर दूध पिऊनही वाळत चालली होती.

एका सकाळी काय चुकतंय ते बघायला मावशी पाळण्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. नर्सने छोटीला पाजलं. थोड्या वेळाने "उपाशी दिसतेय गं बाई" म्हणत आयाने पाजलं. मग ड्रायव्हरकाकांनीही लाडाने बाटली लावली. पोटाला तडस लागून छोटीने सगळं ओकून टाकलं.

"काका, गाडीतसुद्धा सांडेपर्यंत पेट्रोल भरता का हो?" मावशींनी विचारलं.

काका ओशाळले. "रडत होती हो."

"रडू दे. आजपासून पाजेल ती फक्त नर्स."

आया फुगून बसली, पण मावशी बधल्या नाहीत. पुढच्या तपासणीत वजन भरलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. आयाने तिथेच छोटीला छातीशी धरलं.

"मावशी, त्या दिवशी हिच्याजवळ मीच राहणार, आधीच सांगून ठेवते!"

"मग दुसरं कोण राहणार?" मावशी म्हणाल्या.