आईच्या डावीकडची चौकट

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे जे झालं त्याचा सगळ्यांत जास्त वैताग मलाच आलाय.

म्हैसूर, कुवेंपुनगर, आमचं घर, मागचा दसरा. आम्ही इथलेच झालेले मराठी. दसऱ्यात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो, सगळ्यांत वर लाकडाचे राजा-राणी. रोज संध्याकाळी आई त्यांची आरती म्हणायची – अर्धी मराठी, अर्धी कन्नड, दुसऱ्या कुणालाच न येणारी. दसऱ्यानंतर तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज परत तसाच येईल, असं डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून ती आरती मला तिच्या चेहऱ्यासकट हवी होती. मोबाइलवर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा...

कॅमेरा निवडणं म्हणजे डोक्याला ताप! एकाचे फोटो छान, तर व्हिडिओ काढताना तापतो. दुसऱ्याचा व्हिडिओ छान, तर माइक लावायला जागा नाही. शेवटी माइक लागणारा, स्क्रीन पुढे वळणारा आणि चेहरा ओळखून आपोआप फोकस धरणारा एक घेतला.

घरी लावला, आईनं आरती सुरू केली – आणि फोकसची पांढरी चौकट तिच्यावर थांबेचना! स्क्रीनच्या खालच्या कडेतून एक चौकट निघायची, घाईघाईनं आईच्या डावीकडच्या रिकाम्या चटईकडे जायची आणि पोचायच्या आत गायब. तोवर आई धूसर, मागच्या बाहुल्या लख्ख. बाहुल्यांचे चेहरे पकडत असेल म्हणून त्यांच्यावर साडी टाकली. तरी तेच.

देवराज अर्स रोडवरच्या दुकानात भांडायला गेले. “मेडम, क्यामेरा चन्नागिदे!” दुकानदार म्हणाला. चांगला आहे म्हणे! दुकानात होताही चांगला. त्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्या कंपनीचा बदलून दिला. घरी आणला... पुन्हा तेच. मला रडू यायचं बाकी होतं.

विजयादशमीची संध्याकाळ. आरतीनंतर राजा-राणीला आडवं करून निजवायचं, की संपला दसरा. मी चिडून कॅमेऱ्याला चापट मारली.

“अय्यो, साकु ग, पुरे! किती चिडतेस,” आई म्हणाली. ती वळवलेल्या स्क्रीनकडे बघत होती. “हे बघ, मी लगेच सुरू करते, तिथंच चुकतंय. आज थांबते जरा.”

“कुणासाठी थांबतेस?”

तिनं डावीकडची चटई हातानं सारखी केली. मग मला अप्पा, माझे वडील, आठवले. दर दसऱ्याला ते कॅमेऱ्याचा टायमर लावून आईच्या डावीकडे बसायला धावायचे आणि कधीच वेळेत पोचायचे नाहीत. आमच्या प्रत्येक फोटोत अप्पा म्हणजे एक पुसट खांदा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं. आई गप्प बसून राहिली. खालच्या कडेतून चौकट निघाली, चटईपर्यंत आली... आणि थांबली. लगेच दुसरी चौकट आईच्या चेहऱ्यावर. दोन्ही शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

आईचा आवाज आता बसका झालाय, आरती तिला जमत नाही. तोच कॅमेरा मी कॉलेजात नेते, बिनतक्रार चालतो. कंपनीला लिहिलं, तर सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणतात. व्हिडिओत चौकटी उमटत नाहीत. तिथे आईशेजारी नुसती चटई आहे. फक्त आरतीच्या आधी, तिच्या जुन्या आवाजात, ती डावीकडे बघून म्हणते –

“बसलात? मग म्हणते हं.”