संघातली शेवटची जागा

जऊळक्याला पॅसेंजरमधून उतरलो तेव्हा फलाटावर मी, एक शेळी आणि खिल्लारे सर एवढेच होतो. पुण्यात 'मी बेसबॉल खेळायचो' असं सांगितलं की लोक विषय बदलतात. इथे मात्र मला मुलींचा विभागीय संघ निवडायला मानाने बोलावलं होतं. खिल्लारे सर मालेगावच्या शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि रस्ताभर एकच सांगितलं, की बाकी संघ ठरलाय, एकच जागा उरलीय.

मालेगावात आधी पोहे. त्यावर तर्री (हरभऱ्याचा जाळ रस्सा). दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी, शर्टावर तेल.

"परीक्षा पोरीयची हाये, सर," खिल्लारे म्हणाले. "तुमी काहून रडून राह्यले?"

मैदान सोयाबीन निघालेल्या शेताला लागून. बेस म्हणजे कुटार (भुसा) भरलेली खताची पोती. मुली सगळ्या क्रिकेटवर वाढलेल्या. चेंडू मारला की थाटात उभं राहून पाहायचा. बेसबॉलमध्ये मारल्यावर पळावंच लागतं, हे त्यांच्या डोक्याला पटलं होतं, पायांना नाही. त्यातली श्रुती नावाची धिप्पाड मुलगी दणकून मारायची. पहिल्याच फटक्याला मी मनातल्या मनात तिला संघात घेऊन मोकळा झालो.

दुसरी दावेदार आम्रपाली, अगदी काटकुळी.

"वयानं हिचं हे शेवटचं वर्ष हाये," सर हळूच म्हणाले. "यंदा नाही, त मंग कधीच नाही."

आणि हिला चेंडू दिसेल तर शपथ. तीन हुकले, बाद. कॅचरने, म्हणजे मागे बसलेल्या मुलीने, तिसरा केव्हाच झेललाही होता. तरी ही बया पहिल्या पोत्याकडे सुसाट पळाली. मुली खदखदून हसल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तीन हुकले, तिसरा झेलला, ही पळाली. आता मीही हसलो.

शेवटच्या डावात श्रुतीने उंच फटका मारला आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. समोरच्या मुलीच्या हातून झेल सुटला. पण तिने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला, तेव्हा श्रुती अजून अर्ध्या वाटेत होती. बाद.

मग आम्रपाली. तीन हुकले. या खेपेला मात्र तिसरा चेंडू कॅचरच्या हातून निसटून मागे गेला. नियम असा, की पहिला बेस रिकामा असेल आणि कॅचरला तो चेंडू झेलता आला नाही, तर हुकलेल्या खेळाडूलाही पळायचा हक्क असतो. कॅचर 'आउट झाली' म्हणत रमतगमत चेंडू आणायला गेली. तोवर आम्रपाली पहिल्या पोत्यावर. मग घाईत फेकलेला चेंडू भलतीकडे गेला आणि ही दुसऱ्यावर जाऊन आदळली. पोतं फुटलं, कुटार उडालं, त्यात बसून ती खोकत होती. मला ती पोरगी फार आवडली.

"आधी दोनदा तर कॅचरने झेलला होता," मी विचारलं. "तरी का पळालीस?"

"मांगं वळून पाहाले टाइम लागते, सर."

परतीच्या गाडीत बसल्यावर वाटलं, संघ निवडणारे आम्ही सगळे हातांकडेच बघतो. तेवढ्यात निवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला.

"अहो, जिने एकही चेंडू मारला नाही, ती घेतलीत?"

"मारायला आपण शिकवू," मी म्हटलं. "तेवढं आपल्याला येतं."