मोडक्या पायाची गाय

माझ्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्यात. न्यूझीलंडात हेलिकॉप्टरनं डोंगरावर जाऊन मेंढी सोडवली, अडलेलं वासरू असं ओढलं की साहेबांनी तिथल्या तिथे मला परीक्षाच माफ केली! माझ्या थापा ओझरच्या विमानांपेक्षा उंच उडतात. ही एक गोष्ट मात्र मी बायकोलाही सांगितलेली नाही.

मी तिथे जनावरांचा डॉक्टर नव्हतोच. दोन वर्षं गोठे धूत होतो — रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप. आपली पदवी तिथे तशीच चालत नाही, आधी परीक्षा द्यावी लागते. ती मला कुणी माफ केली नव्हती. तोंडी परीक्षेत विचारलं — गाय बसलीय, मागचा पाय मांडीत मोडलाय, काय कराल? मी छाती फुगवून म्हणालो, पोटाखालून झोळी बांधून उभी करू, महिनाभर सेवा करू. इगतपुरीकडच्या डांगी गायींना हेच करत आलो होतो. आपल्याकडच्या डॉक्टरच्या तोंडी दुसरं येईल तरी काय? त्यांना हवं होतं — इंजेक्शन देऊन तिला तिथेच कायमचं सोडवायचं. जनावराचे हाल करणारा, असा शेरा मिळाला. नापास.

परत आलो, नाशकात दवाखाना टाकला आणि थापा सुरू केल्या.

शैला माझी ज्युनिअर. इगतपुरीला सरकारी नोकरीत होती, हात सोन्याचा. माझ्या गोष्टी ऐकून तीही न्यूझीलंडला निघाली. जायच्या आधी तिनं विचारलं, "सर, परीक्षेत नेमकं काय विचारतात हो?" एक वाक्य पुरलं असतं — तिथे गाय मारायची तयारी ठेव. पण मला तर परीक्षा माफ होती ना! मग हे मला कुठून माहीत असणार? मी हसलो. "अगं, परीक्षा कसली! तुझा हात बघूनच गार होतील."

ती राजीनामा देऊन गेली.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. परीक्षेत मोडक्या पायाची गायच आली होती. तिनं झोळी सांगितली होती. नापास. "तुम्ही असता तर काय म्हणाला असता, सर?"

तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलायला हवं होतं की नाही?

मी म्हणालो, "मारायची म्हणालो असतो. सोपं होतं गं."

 ती म्हणाली, "तुमचं डोकंच वेगळं, सर."

ती आता तिकडे गोठे धुते.

हेलिकॉप्टरची गोष्ट मी परवाच्या लग्नातही सांगितली. लोक पोट धरून हसले.