तंबोरे लागले, गायक आलाच नाही

आई गेल्यानंतर काही आठवड्यांत माझ्या डाव्या कानात शीळ वाजायला लागली. आधी वाटलं, शेजारचा कुकर. मग वाटलं, ट्यूबलाइट. ट्यूब बंद केली तरी शीळ चालूच. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आता मी एकटीच राहत होते. लग्न केलेलं नाही, आईसाठी बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली, आणि धाकटा भाऊ ठाण्यात, त्याच्या संसारात. दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही की शीळ वाढायची.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसेचं आहे, औषध नाही, सवय होईल. त्यांच्याकडे कानाची तपासणी करणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला थांबवलं.

"ताई, घरात एकदम शांतता ठेवू नका. हळू आवाजात काहीतरी लावून ठेवत जा. टीव्ही नको, त्यात सगळे भांडत असतात. अँबियंट ऐकलंय का कधी?"

"म्हणजे काय?"

"इलेक्ट्रॉनिक संगीत. सिंथेसायझर, टेप असलं काहीतरी. जुने अल्बम आहेत, तुम्ही शाळेत असाल तेव्हाचे. ऐकून तर बघा." माझाच फोन हातात घेऊन तिने चार-पाच अल्बम शोधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि पहिला अल्बम लावला. एक सूर आला. लांबून आल्यासारखा आला, जरा थांबला, विरला. मग दुसरा. आमच्या घरात नाट्यगीतं आणि भावगीतं ऐकलेली. मला वाटलं, तंबोरे लावताहेत. लागू देत. आता गायक येईल, घसा साफ करेल, षड्ज लावेल. मी वाट बघत राहिले. चहावर साय धरली. ठेका नाही, मुखडा नाही, समेवर यायचं तर सम कुठे आहे तेच कळेना. शेवटी सूर हळूहळू मावळले आणि अल्बम संपला. गायक आलाच नाही! मला चक्क राग आला, कोणीतरी घरी बोलावून स्वतःच बाहेर निघून गेल्यासारखा.

मग शीळ ऐकू आली, आणि तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ ती ऐकू येत नव्हती.

म्हणून रोज लावायला लागले. एकदा दुपारी बेल वाजली. शेजारच्या काकू होत्या.

"अगं, तुझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेलाय वाटतं. केव्हाचा घुमतोय."

मी फोनकडे बोट दाखवलं. काकू सोफ्यावर टेकल्या, मांडीत हात ठेवून देवळात बसल्यासारख्या ऐकू लागल्या.

"गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं आहे, काकू."

"अगंबाई!" त्या आणखी थोडा वेळ बसल्या. मग उठताना म्हणाल्या, "माणूस नाही का गं यात कुणी?"

खरंच नव्हतं. कोणी कोणाची वाट बघत नव्हतं, रुसत नव्हतं, देवाला हाक मारत नव्हतं. सगळे कामाला निघून गेल्यावर घर जसं असतं, तसं ते संगीत होतं. मला ते ओळखीचं वाटायला लागलं होतं, आणि हे काकूंना सांगता येण्यासारखं नव्हतं.

शेवटचा अल्बम उरला होता. त्याच्याबद्दल त्या मुलीने सांगितलं होतं की एक जुनी टेप परत परत वाजवलीय, आणि वाजता वाजताच ती झिजत गेलीय. छोटीशी धून होती, गंभीर आणि गोड. संपायची, पुन्हा तीच. बराच वेळ काही बदललं नाही. मग एका ठिकाणी सूर खरवडल्यासारखा झाला. पुढच्या फेरीत तिथे भोक पडलं.

मी भाजी निवडत होते. हात थांबले.

आम्ही आधी बरीच वर्षं दिवा स्टेशनजवळ राहिलेलो. तिथे पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. डोंबिवलीला येऊन इतका काळ लोटला, तरी आजारपणात आई एकच विचारत राहिली, "पाणी आलं का गं? भरून ठेव." दिवसभर तेच, त्याच चालीत. पुढे 'ठेव' गळालं. मग 'भरून' गेलं. मग नुसतं "पाणी… गं." अखेरच्या दिवसांत शब्द उरलेच नव्हते, पण चाल तीच होती, शेवटी वर जाणारी. त्या चालीला मी "हो, आलं" म्हणायचे आणि ती शांत व्हायची.

मी अल्बम बंद केला. पुढचं ऐकवेना.

ती चाल ओळखणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता. रविवारी ठाण्याला गेले. भावाच्या एका कानात इअरफोन घातला, दुसरा मी घेतला.

"ऐक."

त्याने ऐकलं. प्रामाणिकपणे ऐकलं, मोबाइलही बाजूला ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "रेकॉर्डिंग खराब आहे का गं?"

"टेप झिजलेली आहे."

"मग चांगली कॉपी मिळेल ना कुठेतरी. शोधून देऊ?"

"नको रे."

"तुला आवडतं का हे?"

मला आईच्या चालीचं सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर त्याला ती ऐकू आल्यासारखं करावं लागलं असतं. तेवढ्यात वहिनीने पानं घेतल्याचं सांगितलं. मी इअरफोन गुंडाळून पर्समध्ये टाकला. आमटी छान झाली होती. भावाने आग्रह करून भात वाढला, मुक्कामाला राहा म्हणाला. मी राहिले नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. खुर्ची खिडकीशी ओढली आणि मध्येच सोडलेला अल्बम तिथूनच पुढे लावला. भोकं मोठी होत गेली. धून कमी आणि मधली जागा जास्त झाली. खाली पोरांचं क्रिकेट चाललं होतं, मी खिडकी लावली नाही. शेवटी एक ठोका उरला, तोही अर्धा. तो येईनासा झाल्यावरही मी जरा वेळ बसून राहिले.