धम्मशीलाच्या दुकानातली बोलकी डबी

धम्मशीलाच्या साड्यांच्या दुकानात मी दाराशीच फॉल-पिकोचं मशीन लावून बसते, बारा वर्षं झाली. धामणगाव बढे गावात तिला सगळेच ओळखतात, पण माझ्याएवढं कुणी नाही. डोक्यावर गाठोडं घेऊन खेडोपाडी साड्या विकलेली बाई आहे ती. आता स्वतःचं दुकान आहे, पांढरी गादी आहे, आणि ते बघून मला फार बरं वाटतं. का लपवू?

दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाईक मलकापूरला पळायला लागलं. तिथे म्हणे फोनवरून पैसे घेतात. धम्मशीला रडत बसली नाही. तिने कोडचे कागद आणून दुकानात तीन ठिकाणी चिकटवले, आणि वर पुण्या-सुरतेला कामाला गेलेल्या पोरांच्या फोनवरही तो कोड पाठवून दिला. बहीण इथे गादीवर बसून साडी निवडते, भाऊ तिकडून पैसे टाकतो. भाऊबिजेला तर तिला जेवायची फुरसत नव्हती. मग तिने ती बोलकी डबी आणली. पैसे जमा झाले की डबी आकडा मोठ्याने सांगते. मेलीचा आवाज असा, की समोरच्या सलूनमध्ये दाढी करणारा थांबायचा.

आता बस्त्याचं ऐका. गावातल्याच मनकर्णाबाईंच्या पोरीचं लग्न ठरलं आणि मोताळ्याच्या विहीणबाई, झुंबरबाई, बस्त्याला आल्या. दोन्हीकडची माणसं, चहा, साड्यांचा ढीग. एवढा मोठा बस्ता आमच्याकडे पहिलाच. तो नीट झाला तर लगीनसराईत बाकीचेही येतील, या आशेवर धम्मशीलाने नवा माल भरला होता. तो बिघडला तर माल तसाच पडणार होता. मधेच मनकर्णाबाईंनी विहिणीच्या आहेराची साडी हळूच कागदात बांधून घेतली आणि मुलाला, गोविंदाला, पैसे टाकायला खुणावलं. आहेराचा भाव विहिणीला कळू द्यायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. डबीला कुठलं कळायला!

"दोनशे दहा रुपये प्राप्त झाले."

झुंबरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ते पुडकं पाहिलं, मनकर्णाबाईंचं उतरलेलं तोंड पाहिलं, आणि उठल्या. बस्ता मलकापूरलाच करू म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ह्याच बाई आठ दिवसांपूर्वी, लग्नाची तारीख धरायला आल्या तेव्हा, एकट्याच दुकानात शिरल्या होत्या. मनकर्णाबाईंना द्यायच्या आहेराची साडी घेतली होती, एकशे ऐंशीची, रोख. फॉल लावायला माझ्याकडेच टाकली होती, आणि ती पिशवी माझ्या पायाशीच होती. मी पिशवीला हात घातला, तर धम्मशीलाने माझ्याकडे असं पाहिलं की हात तिथंच राहिला.

तिने डबी बंद केली. झुंबरबाईंना म्हणाली, "माई चूक हाये बाई. ही इथं ठेवाचीच नव्हती." एवढा बस्ता हातचा चालला होता आणि तो वाचवायला एक वाक्य पुरे होतं, तरी तिने एकशे ऐंशीचं नाव काढलं नाही.

झुंबरबाई दारापर्यंत आल्या आणि माझ्या पायाशी त्यांना आपली पिशवी दिसली. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले. मला ते किती जड गेलं, ते माझं मला माहीत. बाई जराशा थबकल्या, मग मागे वळल्या.

"तुले तं माहीत होतं," त्या धम्मशीलाला म्हणाल्या. "काऊन नाही बोलली?"

"तुमी माया भरवशावर घेतली होती ना," धम्मशीला म्हणाली.

झुंबरबाई परत येऊन बसल्या, त्या थेट मनकर्णाबाईंना खेटून. "विहीणबाई, म्या तुमच्यासाठी एकशे ऐंशीची घेतली. आता दोघीच्याही बदलून घेऊ. एकसारख्या."

मनकर्णाबाई आधी हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत बसल्या. बस्ता दिवस मावळेपर्यंत चालला. त्यानंतरच्या लगीनसराईत चार गावचे बस्ते आमच्याकडे आले. कोड तिन्ही ठिकाणी तसेच आहेत, डबीचा आवाज मात्र तेव्हापासून बंद आहे.

त्या दोन साड्यांना फॉल मीच लावला. केवढ्याला पडल्या, तेही मला माहीत आहे. सांगणार नाही.