पाच व्होल्टच्या अक्का

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकी अस्वस्थ बाई लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी दुसरी सापडायची नाही. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या, आणि रविवार आला की एसटीनं आमच्याकडे लातूरला हजर. चपला दारात निघायच्या आधी पर्समधून व्होल्ट मोजायचा मीटर निघे. भिंतीवरचं घड्याळ, सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर, शेजारणीची बॅटरी, सगळ्यांचे सेल तपासून झाले की मग पाणी. चहा उभ्यानं. जेवताना एक गुडघा वर, जणू पंगतीतूनच पळायचं आहे. हदगावला संध्याकाळच्या एका लग्नात त्यांनी मांडवातल्या दिव्यांच्या माळांना मीटर लावला आणि वायरमनला बोलावून सांगितलं, "भाऊ, तुमच्या जनरेटरचं व्होल्टेज चढून राहिलंय. बल्ब जातील." तो म्हणाला, "ताई, तुम्ही अक्षता टाका की." तिसऱ्या मंगलाष्टकाला निम्मा मांडव अंधारात गेला, आणि त्या अंधारातून अक्कांचा प्रसन्न आवाज आला, "म्हनलं न्हवतं?" वरमाय पुढं वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

भूकंप झाला आणि ही अस्वस्थता फारच वाढली. त्या दिवशी माझे यजमान औशाकडच्या एका गावी आजारी मावशीपाशी होते. पहाटे घराचं मातीचं छत, माळवद, खाली आलं. मावशी वाचली, पण यांचा उजवा हात तुळईखाली सापडला. हाडं जुळली, बोटं मात्र लाकडासारखी ताठ राहिली. हे गणिताची शिकवणी घेत. लातुरात तेव्हा दर चार घरांमागे एका घरावर क्लासची पाटी लागत होती, चाकूर-नांदेडकडची पोरं खोल्या शोधत गल्लीबोळ पालथे घालत होती, आणि आमचे गणिताचे सर फळ्याकडे पाठ करून बसलेले. आमचे विद्यार्थी एकेक करून दुसरीकडे निघाले. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू यांनी भिरकावला, तो माळ्यावर जाऊन पडला.

यावर अक्कांनी जो उपाय काढला तो अक्कांनाच सुचावा. माझ्या भावानं आखातातून आणलेला एक जुनापुराणा टीव्ही गेम कपाटावर धूळ खात पडला होता. त्याच्या कंट्रोलरची बटणं हरभऱ्याएवढी. ती काढून स्पंजाची, पुरीएवढी बटणं बसवायची, आणि बोट जरासं वाकलं तरी लाल दिवा लागला पाहिजे, असा त्यांचा बेत. "चेंडू दाबायचा त्याला कंटाळा हाय वैनी," त्या मला म्हणाल्या, "पन हरायचा त्याला ल्हानपनापासून लई राग."

अडचण होती व्होल्टची. कंट्रोलरला गेममधून पाच व्होल्ट येत. दिवे त्यावरच जोडले की ताकद कमी पडे आणि पडद्यावरची मोटार आपोआप खड्ड्यात जाई. म्हणून दिव्यांना वेगळा अडॅप्टर; पण तो नऊ व्होल्टचा. मध्ये एक तीन पायांचा तुकडा बसवून नवाचे पाच करायचे होते. "सहा न्हाई, चार न्हाई. पाच," असं स्वतःलाच बजावत अक्का सोल्डरचे डाग देत होत्या आणि दर दोन डागांनी उठून खिडकीपर्यंत जाऊन येत होत्या. तेवढ्यात हे बाहेरून ओरडले, "अक्का, बस कर! माझ्या हाताचं खेळनं करून राहिलीस का?" अक्कांनी मान तिकडे वळवली. त्या तुकड्याच्या पलीकडे लागायची तार अलीकडेच लागली, आणि अडॅप्टरचं बटण दाबताच नऊच्या नऊ व्होल्ट आत गेले. फट्‌ आवाज झाला, जळका वास सुटला, कंट्रोलर गेला. साऱ्या जगाचे सेल मोजणारी बाई आज मोजायचं विसरली होती. पर्स उचलून त्या स्टँडकडे निघाल्या.

मी मागोमाग पळाले. नांदेडची गाडी लागायची होती. फलाटावर येरझारा घालता घालता त्या एकदम थांबल्या. "वैनी, मावशीकडं मी जायची होते. कॉलेजात तपासनी निघाली म्हनून त्याला धाडलं. मीच धाडलं." मी म्हणाले, "अक्का, गेमचा दुसरा कंट्रोलर आहे अजून. पण तो शेवटचा."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं.

पुढच्या रविवारी अक्का आल्या. सगळी जोडणी झाली, पण शेवटची तार लावायचा त्यांना धीर होईना. मीटर त्यांनी यांच्यापुढे धरला. "तू वाच. माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

"पाच," हे म्हणाले.

"नीट बघ."

"पाचच हाय अक्का. जोड."

लाल दिवा लागला. यांची मोटार पहिल्याच वळणाला उलटली. "पुन्हा," हे म्हणाले. मग पाळीपाळीनं खेळत दुपार गेली. पुढं कितीतरी रविवार असेच गेले. एकदा पडद्यावरची नजर न काढता हे म्हणाले, "अक्का, त्या दिवशी तू गेली असतीस, तर मला दुरुस्त कोन केलं असतं गं?" अक्का उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, आणि पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "पुढं बघ. खड्डा आला."

दोन बोटं वाकायला लागली. खडू धरण्याइतकी मात्र नाहीत. हे डाव्या हातानं लिहायला शिकले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण गणित पक्कं, त्यामुळे हळूहळू पोरं परतली. अक्का आता निवृत्त झाल्यात, गुडघ्यांपायी एसटीही सुटली. रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. हे मुद्दाम उजव्या हातात फोन धरतात. बोलता बोलता तो एकदा तरी निसटतोच.

"काय पडलं रे?" अक्का पलीकडून विचारतात.

"काही न्हाई," हे फोन उचलून घेत म्हणतात, "तू बोल."