राजारामभाऊंच्या रणगाड्याला अटक

चाळीच्या फळ्यावर शेजारच्या हेमचंद्राने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘राजारामभाऊंचा रणगाडा रविवारी सकाळी चाळीतून बाहेर पडेल. सर्वांनी सामील व्हावे.’ कामगार केंद्राच्या हस्तकला प्रदर्शनाला चार माणसं यावीत, एवढाच बिचाऱ्याचा हेतू. पण ‘प्रदर्शन’ हा शब्द लिहायला जागाच उरली नाही. वर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याची वेळ होती, आणि सत्तावन सालच्या परळमध्ये ती पुसायची कुणाची छाती नव्हती.

दुपारी हवालदार चार शिपाई घेऊन हजर. चाळीच्या जिन्यावरून कपाट उतरवताना सहा माणसं लागतात, तिथे रणगाडा कसा उतरणार, हा विचार त्यांनीही केला असता. पण वरून हुकूम होता.

रणगाडा पाटावर बसला होता. लांबी दीड वीत. अंग डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं गिरणीतल्या मोडक्या बॉबिनांच्या चकत्यांची. लढाईत राजारामभाऊ आफ्रिकेत फौजेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे जर्मनांचा एक पकडलेला ‘टायगर’ रणगाडा त्यांनी पोटाखाली सरपटून पाहिला, तो चौदा वर्षं डोक्यातून निघाला नाही. आठ महिने, गिरणीतली पाळी सुटली की ते पत्रा कापायला बसत. चाकं अठ्ठेचाळीस, त्यांतली निम्मी आत दडलेली. तीही रंगवलेली.

“आतली कोण बघणार?” हेमचंद्राने एकदा विचारलं होतं.

“बघायला नाहीत रे ती. चालायला आहेत.”

हवालदाराचा चेहरा उतरला. “हाच काय तो?”

“हाच. हात लावू नका, रंग ओला आहे,” राजारामभाऊ म्हणाले.

“मग मोर्च्यात काय येणार?”

सगळ्या खोलीने हेमचंद्राकडे पाहिलं. त्याने प्रदर्शनाचं सांगितलं, पण साहेबांना ‘रणगाडा आहे’ असं कळवून झालं होतं, आता तो दाखवणं भाग होतं. शेवटी पाटासकट रणगाडा चौकीत गेला. आरोपीला ऊन लागू नये म्हणून एका शिपायाने वर छत्री धरली.

वाळवंटी रंगाचा शेवटचा हात आणि बुरुजावरचा नंबर राहिला होता, आणि प्रदर्शन रविवारी. ‘नुसता डबाच न्यायचा काय तिथे?’ एवढंच राजारामभाऊ बायकोला, कालिंदीवहिनींना म्हणाले.

हेमचंद्राला जेवण गोड लागेना. त्याने तीन अर्ज केले, वकिलाच्या पाया पडला, कामगार केंद्राचा दाखला आणला आणि गुरुवारी सुटकेचा कागद फडकवत चौकीत शिरला.

खिडकीपाशी साहेबांच्या टेबलावर रणगाडा होता. दोन शिपाई वर्तमानपत्राचा आडोसा करून धूळ अडवत होते, तिसरा आफ्रिकेतल्या वाळूचा रंग पिवळा की तांबूस यावर हुज्जत घालत होता. मधोमध राजारामभाऊ, हातात ब्रश.

“सुटला तुमचा रणगाडा, भाऊ. चला घरी.”

मान वर न करता ते म्हणाले, “शनिवारी ये, इथे उजेड चांगला आहे.”